पहिलीच्या वर्गावरची माती

कौठळीला माझी बदली झाली तेव्हा मी चार दिवस नवऱ्याशी धड बोलले नाही. बदलीत त्या बिचाऱ्याचा काही हात नव्हता, पण राग कुणावर तरी काढायला हवा होता. लातूरहून उदगीर, तिथून काळीपिवळी जीप. जीप फाट्यावर सोडून देते आणि पुढं आपलं आपण चालायचं. शाळा म्हणजे काळ्या दगडाची बैठी इमारत. तीन खोल्या एका रांगेत, पुढं लाकडी खांबांची पडवी आणि वर मातीचं माळवद. लातूरच्या सिमेंटच्या दोन मजली शाळेत शिकवलेली मी. खुर्चीवर बसले, चहाचा कप उचलला, आणि वरून चिमूटभर माती बरोबर कपात पडली.

शेजारी बसलेले गावातले एक गृहस्थ म्हणाले, की शाळा नव्या मास्तरांना असा आशीर्वाद देते. मला काही हसू आलं नाही. चहा आणून देणारी बाई मात्र कपाकडे बघतच नव्हती. ती मान वर करून छताकडे बघत राहिली, इतका वेळ की मला वाटलं तिथं पाल आहे. मग तिनं कप उचलून बाहेर ओतला आणि दुसरा चहा आणला. ही केवळाबाई. शाळा झाडायची, पोरांची खिचडी शिजवायची आणि माळवदाची देखभाल करायची. मला सांगायचं आहे ते तिच्याबद्दल, पण शाळेबद्दल सांगितल्याशिवाय केवळाबाई सांगता येत नाही.

इमारत निजामाच्या काळातली. मधल्या दारावरच्या दगडात उर्दू अक्षरं कोरली आहेत आणि खाली फसली सन १३४७, म्हणजे आपलं १९३७च्या आसपासचं. सरकारनं फक्त मास्तर दिला, तो उर्दूतून शिकवायचा. इमारत गावानं बांधली. जागा गावातले वडीलधारे भुजंगप्पा, त्यांच्या आजोबांची, दगड जवळच्या खाणीतला, ओढले गावच्या बैलांनी. भिंती इतक्या रुंद, की खिडकीच्या कट्ट्यावर एक पोरगं आरामात मांडी घालून बसतं. शिक्षा म्हणून बसवलं तर उलट खूश होतं. भिंतीतल्या कोनाड्यांत पूर्वी पाट्या ठेवायचे, आता खडू आणि माझा डबा असतो. वर सागवानी तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर तरवडाचा पाला दाबून बसवलेला, पाल्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. प्रत्येक खोलीच्या छताला उजेडासाठी एक गोल भोक आहे, त्याला साणं म्हणतात. त्यातून उन्हाचा तुकडा खाली पडतो आणि दिवसभर वर्गातून फिरत असतो. तो ज्याच्या अंगावर येईल त्यानं पाढा म्हणायचा, असा पोरांनी कायदाच केला आहे. मलाही तो सोयीचा पडतो.

मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होते तेव्हा आत बसलं की डोळा लागतो, इतकं गार. मागं सिमेंटच्या दोन नव्या खोल्या आहेत. उन्हाळ्यात तिथं बसवत नाही आणि पावसाळ्यात त्या गळतात, त्यामुळं त्या नेमक्या कशासाठी बांधल्या हे मला अजून समजलेलं नाही.

आता मातीचं. गावाच्या कडेला जुनी पडकी गढी आहे. तिची पांढरी माती चिकट असते, पाणी आत मुरू देत नाही. दरवर्षी पावसाच्या आधी माळवदावर तिचा एक हात फिरवावा लागतो. कौठळीनं त्याची एक रीतच करून टाकली. ज्या घरचं लेकरू त्या साली पहिलीत जाणार, त्या घरानं गढीची टोपलीभर माती शाळेवर टाकायची. लेकरानं टोपली स्वतःच्या डोक्यावर घेऊन शिडीपर्यंत तरी जायचं. पुढं बाप किंवा मामा ती वर नेतो. त्या दिवशी लेकराला नवे कपडे असतात, ओवाळणं असतं, आजीच्या डोळ्याला पदर असतो. टोपली वर रिकामी झाली की लेकरू शाळेचं झालं. माझं हजेरीपट बिजेरीपट हे सगळं नंतरचं, त्याला गावात कुणी फारसं विचारत नाही.

म्हणजे त्या माळवदावर सगळं गाव होतं. हैदराबादेत कामाला गेलेला माणूस दिवाळीला आला की बायकोला शाळा दाखवायचा आणि बोट वर करून सांगायचा, आमची माती तिथं हाय. भुजंगप्पा तर त्या बाबतीत फार हळवे. वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून खणखणीत, शाळेच्या कुठल्याही बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन बसणार. शाळा बांधली तेव्हा वरची पहिली टोपली त्यांच्या वडिलांनी टाकलेली. त्यानंतर घरातल्या प्रत्येकाची. ते पडवीतून जाताना चप्पल काढायचे. ते देवासाठी नव्हे, वरच्या मातीसाठी. मला ही रीत फार गोड वाटली. मी फोनवर नवऱ्याला सांगितली आणि तेवढ्यापुरता माझा बदलीचा राग गेला. दरवर्षी माती वर जाते आणि खाली कधीच येत नाही, मग तिचं होतं काय, हा प्रश्न मला पडला नाही. गावालाही पडला नव्हता.

केवळाबाई उंच, सडसडीत, चालायला एकदम झपाझप. बोलायची कमी, पण बोलली की नेमकं चिमटा काढायची. मी पहिल्या पावसात उंच टाचेच्या चपला घालून आले तेव्हा तिनं माझ्याकडे गंभीरपणे बघून विचारलं, की मॅडम, चिखलात रोपं लावायला खड्डे करलालाव का. तपासणीला आलेले साहेब कसे चालतात, खिचडीचा वास कसा दुरूनच घेतात, हे ती स्वयंपाकाच्या शेडमध्ये करून दाखवायची आणि पोरं लोळायची. पोरांत तिचा जीव पहिलीवर. पहिलीचा वर्ग लिंबाच्या झाडाकडच्या खोलीत बसतो, आधीपासून तिथंच. दुपारी ती त्या दारात येऊन उभी राहायची. काही काम नसायचं. मी वळून बघितलं की म्हणायची, काय न्हाई, बगून राहिले.

झाडाभोवतीचा ओटा तिनंच केलेला. मोठा, ऐसपैस, शेणानं सारवलेला. सगळी शाळा त्यावर जेवायला बसते. गावच्या बैठकाही तिथंच. वर्षावर्षाला तो थोडा रुंद व्हायचा आणि लोक म्हणायचे, केवळाला लई हौस. तिला विचारलं तर म्हणायची, बसायला नको का.

तिची लेक त्र्याण्णवच्या भूकंपात गेली, हे मला आल्या आल्या कुणीतरी सांगितलं होतं. आमच्याकडं हे असंच सांगतात, याच्या घरचे दोन, तिच्या माहेरचे सगळे, आणि मग पुढच्या विषयाला लागतात. त्याहून जास्त मी विचारलं नाही. एकदा भांडी घासता घासता तिनंच मला विचारलं, की भूकंपाच्या साली तुम्ही केवढ्या होता. मी म्हटलं, पहिलीत. आम्ही लातूरला महिनाभर घराबाहेर ताडपत्रीखाली झोपत होतो आणि मला त्याची मजा वाटत होती, हेही सांगितलं. ती भांडी घासत राहिली. पण त्या दिवसापासून मी तिची मॅडम राहिले नाही. ती मला माय म्हणायला लागली. आमच्याकडं आई लेकीलाही माय म्हणते. खिचडीच्या पातेल्याच्या बुडाशी जो खमंग करपट पापुद्रा लागतो तो ती माझ्यासाठी खरवडून ठेवायची. मला तो आवडतो हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

तिचं माहेर औसा तालुक्यातलं. नवरा वैजनाथ माळवदं करायचा. कौठळीतली निम्मी माळवदं त्याच्या हातची, शाळेची देखभालही त्याच्याकडं. भूकंपानंतर त्यानं माळवदाला हात लावला नाही. वीटभट्टीवर गेला, आणि काही वर्षांनी वारला. गावानंही हळूहळू घरांवरची माती उतरवून पत्रे टाकले. ज्यानं त्यानं आपापल्या डोक्यावरची माती उतरवली. शाळेची तेवढी राहिली, कारण ती कुणा एकाची नव्हती. वैजनाथनं शाळेचं काम सोडलं तेव्हाच ते केवळाबाईनं मागून घेतलं होतं. सगळ्यांना बरंच वाटलं.

मागच्या पावसाळ्यात तिसऱ्या खोलीत लाकडाचा एक तुकडा वरून पडला. वर्ग रिकामा होता म्हणून बरं. मी अर्ज केले, फोन केले, भांडले. भांडायची मला सवय आहे, ती कधी कधी उपयोगी पडते. शेवटी उन्हाळ्यात उदगीरहून इंजिनियर आले. शिवशंकर नाव, तरुण, शांत, प्रत्येकाला आपण म्हणणारा माणूस. त्यांनी तिन्ही खोल्यांवर छोटे खड्डे घेतले. भुजंगप्पा, चार गावकरी आणि मी खाली उभे. केवळाबाई शेडच्या दारात.

शिवशंकर साहेब खाली उतरले ते गोंधळलेले. म्हणाले, तिसऱ्या आणि मधल्या खोलीवर हातभर जाड माती आहे. लाकडं वाकली आहेत. ही माती उतरवून वीतभर ठेवली तर इमारत अजून खूप वर्षं जाईल, भिंती चांगल्या आहेत; नाही उतरवली तर मी इथं एकही मूल बसू देणार नाही. आणि मग त्यांनी विचारलं, की पहिलीच्या खोलीवर वीतभरच माती कशी. तिथली लाकडं सरळ आहेत. ती आधी कुणी उतरवली?

कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. दरवर्षीच्या टोपल्या तिन्ही खोल्यांवर सारख्या पसरायच्या हा नियम होता आणि पसरायचं काम एकाच माणसाकडं होतं. सगळ्यांनी शेडकडं बघितलं. केवळाबाई आत गेली आणि चुलीपुढं बसली. चूल पेटलेली नव्हती.

संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. बायकाही आल्या, एवढ्या मी तिथं कधी बघितल्या नव्हत्या. भुजंगप्पा नेहमीच्या जागी, झाडाला पाठ लावून. मला वाटलं होतं राग असेल. पण त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. घरातलं कुणी सांगितल्याशिवाय निघून गेलं तर माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते. मी आधीच तोंड उघडलं, की माती कमी झाली ते चांगलंच झालं ना, साहेब तेच तर सांगत आहेत. त्यांनी हातानंच मला थांबवलं आणि केवळाबाईला पुढं बोलावलं.

"केवळे, वर माझ्या बापाची माती व्हती. माझी व्हती. धाकल्या भावाची व्हती, त्यो तर लहानपणीच गेला, त्याचं तेवढंच काय ते राहिलं व्हतं. कुठं टाकलीस?"

केवळाबाई उभी होती. पदर सारखा करत म्हणाली, "टाकली न्हाई, आप्पा. तुमी बसलाव की तिच्यावर."

आम्ही सगळे खाली बघायला लागलो. एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. भुजंगप्पा झटकन उठून ओट्याखाली उतरले, आणि मग हळूहळू सगळेच उतरले. इतकी वर्षं ज्यावर बसून गावानं वरच्या मातीच्या गोष्टी सांगितल्या, ती हीच माती. केवळाबाई दर उन्हाळ्यात नवी माती पसरायला वर चढायची आणि उतरताना जुनी टोपलीत घालून खाली आणायची, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत. कुणी विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नाही.

मग मात्र भुजंगप्पा चिडले. डोक्यावर ठेवायची माती पायाखाली घातलीस, असं म्हणाले. पोरं तिथं उष्टं सांडतात, कुत्री लोळतात. दुसरेही बोलायला लागले. कुणाच्या वडिलांची टोपली, कुणाच्या सासऱ्याची. शिवशंकर साहेबांनी वजनाचं पुन्हा समजावून सांगितलं, मी माझा आवाज चढवला, पण आमचं कुणी ऐकून घेईना. मला त्या सगळ्यांचा इतका संताप आला की मी निघून जाणार होते. भुजंगप्पांनी निकाल दिला: ओटा फोडायचा, माती चाळून घ्यायची आणि जिथली तिथं वर न्यायची. बाकीच्या खोल्यांवरचीही माती हलणार नाही. साहेबांनी हवं तर खालून लोखंडी खांब द्यावेत. आणि केवळाबाईनं शाळेची चावी परत द्यावी.

चावी ती कमरेला लावायची. तिनं ती काढली आणि ओट्याच्या कडेला ठेवली. ती निघून जाईल असं मला वाटलं. ती तिथंच उभी राहिली.

"चावी घ्या आप्पा. खिचडी बी दुसऱ्या बाईला करू द्या. पर पहिलीवर माती टाकू नगा."

भुजंगप्पा म्हणाले, का. जरा गुरकावूनच म्हणाले. त्यांना काही माहीत नव्हतं असं नाही. गावात सगळ्यांना सगळं माहीत होतं. पण तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि तिनंही ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ती बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता. तिनं सांगितलं, की लेक महालक्ष्म्यांच्या सणाला मामाबरोबर आजोळी गेली. परत यायचं होतं, पण गणपतीचं विसर्जन बघून येते म्हणून राहिली. त्याच रात्री भूकंप झाला. केवळाबाई आणि वैजनाथ दोघं निघाली, पण पाऊस, रस्त्यावर गाड्याच गाड्या, पोलिस पुढं सोडेनात. पोचेपर्यंत तिसरा दिवस. गाव ओळखू येत नव्हतं. माहेरच्या घराच्या जागी भिंतीचे दगड आणि त्यावर माळवदाची माती, आणि ती आधीच उकरून झालेली.

"माझी शिवकन्या कुण्या मिल्ट्रीवाल्यानं काढली म्हणं. कुणी तरी सरण रचलं, समद्यांचं एकच. म्या आई असून तिच्या अंगावरची ओंजळभर माती बी माझ्या हातानं काढली न्हाई, आप्पा. काई राहिलंच नव्हतं काढायला. मंग हितं आले. शाळा भरली. बगते तर पहिलीचे लेकरं खाली बसलेले, तिच्याच संगतीचे, अन् वर ही एवढी माती. म्हणलं, यांच्यावरची तरी काढावं. तवापासून काढून राहिले."

तिनं वळून माळवदाकडं बघितलं. आणि मग पुढचं बोलली. तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता, चूक कबूल केल्यासारखा.

"एकटीनं किती व्हणार. पहिलीचीच झाली. दुसऱ्या दोन खोल्यांवर माझा हात पोचला न्हाई."

मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. भुजंगप्पा खाली बघून ओट्याची कड बोटानं चाचपत होते. मग त्यांनी विचारलं, "काय नाव म्हणलीस लेकीचं?"

"शिवकन्या."

"हाव." ते शिडीकडं बघायला लागले. "हिरवं परकर पोलकं व्हतं तिचं. टोपल्याला कुणाला हात लावू दिला न्हाई. वैजनाथ म्हणला, दे, म्या नेतो वर. तर म्हणली, माझी म्या नेते. शिडी चढली की पोरगी. म्या खाली शिडी धरून व्हतो."

केवळाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत तिच्या लेकीची एखादी गोष्ट कुणी दुसऱ्यानं तिला सांगावी, असं घडलंच नव्हतं. गावातले लोक दुष्ट नव्हते. दुःख आठवू नये म्हणून सगळ्यांनी त्या पोरीचं नावच टाळलं होतं, आणि टाळता टाळता ती पोरगी फक्त केवळाबाईच्या एकटीच्या आठवणीत उरली होती. ती म्हणाली, "हिरवंच व्हतं. तुमाला याद हाय?" आणि मग तिथंच खाली बसली आणि रडली. बायका तिच्याभोवती गेल्या. माझ्या देखत ती पहिल्यांदाच रडत होती. मला वाटतं गावाच्याही.

भुजंगप्पांनी चावी उचलली, तिच्या पदरात टाकली आणि शिडीकडं निघाले. त्यांचा मुलगा आडवा आला, शिवशंकर साहेब आडवे आले. ऐंशीच्या माणसानं त्या शिडीवर चढायचं काही कारण नव्हतं. ते म्हणाले, माझ्या बापाची माती माझ्या हातानं उतरवीन, गड्याच्या हातानं न्हाई. साहेबांनी शेवटी दोन माणसं त्यांच्या मागं दिली आणि भिंतीच्या माथ्यावरच बसा, आत पाऊल टाकू नका, एवढं कबूल करून घेतलं. ते वर जाऊन तिसऱ्या खोलीच्या भिंतीवर बसले, पुढं वाकून खुरप्यानं माती मोकळी केली आणि ओंजळीनं टोपलीत भरली.

त्या दिवशी उजेड होता तेवढा वेळ आणि मग पुढचे कितीतरी दिवस हे काम चाललं. साहेबांनी दोरी लावून दिली होती, कुठवर काढायची आणि कुठं थांबायचं. एका वेळी दोघांनीच वर जायचं, वाकलेल्या लाकडांवर पाय द्यायचा नाही. मजूर लावायचे नाहीत, हे गावानं आपणहून ठरवलं; ज्याची माती त्या घरचा माणूस. कुणाची कुठली हे आता कुणाला ओळखू येणार होतं? पण प्रत्येक जण एक टोपली आपली म्हणून उतरवायचा. उदगीरहून, बिदरहून लेकी आल्या, लेकरांना कडेवर घेऊन. भोकरला दिलेली एक म्हातारी तर जावयाच्या गाडीतून आली आणि उन्हात रांगेत उभी राहिली. मीही उभी राहिले. माझी माती तिथं नव्हती, पण कुणी मला बाजूला हो म्हटलं नाही.

टोपली वरून दोरानं खाली यायची, शिडीपासून ओट्यापर्यंत हातोहात जायची. शिडीखाली प्रत्येक टोपली सगळ्यांत आधी हातात घ्यायला केवळाबाई उभी असायची. तिनं ती जागा कुणाला दिली नाही. बायकांनी म्हणून बघितलं, की मावशी, तू बस आता, सावलीला बस, लई केलंस. ती ऐकायची नाही. टोपली खाली यायला लागली की ती दोन्ही हात वर करायची आणि टोपली दोरावर असेपर्यंत तिचे हात तसेच वर असायचे. हातात आली की छातीशी धरून क्षणभर थांबायची आणि मगच पुढच्या बाईकडं द्यायची.

वरच्या तरुण पोरांना घाई असायची. ती दोर भराभर सोडायची, टोपली भिंतीला आपटायची, माती सांडायची. केवळाबाई वर बघून म्हणायची, "हळू रं बाबांनो. हळू घ्या."